सिंधुदुर्ग, पाच दिवस, तीन पिढ्या : कांदळवनातलं कयाकिंग कुठे बसवू?

सुट्टीचा_हिशेब

मंडळी, सल्ला हवाय. नाताळच्या सुट्टीत आम्ही पाच जण सिंधुदुर्गात चाललोय. मी, बायको, मुलगी (१३), मुलगा (७) आणि आई (६८, गुडघे कुरकुरतात पण उत्साह आमच्यापेक्षा जास्त). आदल्या संध्याकाळी कुडाळला उतरणार. पुढचे पाच दिवस असे ठरवलेत :

दिवस १ : मालवण, सिंधुदुर्ग किल्ला, रॉक गार्डन, तारकर्ली
दिवस २ : धामापूर तलाव, वालावलचं लक्ष्मीनारायण मंदिर
दिवस ३ : सावंतवाडी, मोती तलाव, चितारआळी
दिवस ४ : वेंगुर्ला, शिरोडा, रेडीचा गणपती, तेरेखोल
दिवस ५ : सकाळी निवती, संध्याकाळी कर्लीच्या खाडीत कांदळवनातून कयाकिंग, सूर्यास्त बघत शेवट

मुलीने कयाकिंगचा एक व्हिडिओ बघितल्यापासून घरात दुसरा विषय नाही. आम्हा कोणालाच अनुभव नाही. सात वर्षांच्या मुलाला न्यावं का? आईचं काय करावं? आणि तिसऱ्या दिवशी दत्तजयंती आहे, तेव्हा फार गर्दी असते का?

बायको या यादीला एसटीचं वेळापत्रक म्हणते. तिच्याकडे दुर्लक्ष करून उत्तरं द्यावीत.

आळशी_अजगर

वेळापत्रक वाचूनच दमलो. रुमाल टाकून ठेवतो.

मोरपंखी

वहिनींना +१. चौथ्या दिवशी मुलगा गाडीत ओकणार, लिहून ठेवा. त्या भागातले रस्ते सुंदर आहेत, पण सरळ एकही नाही.

अर्धा_कप

आम्ही दोन वर्षांपूर्वी केलं होतं. मुलगा तेव्हा आठचा. अजिबात अवघड नाही. दोघांची कयाक घ्या, मुलाला पुढे बसवा, तुम्ही मागे. तो वल्हं पाण्यात घालून नुसतं ढवळत बसेल, सगळी मेहनत तुमची. सूर्यास्ताची कल्पना मस्त आहे, फोटो अप्रतिम येतात.

खाडीवाली

थांबा थांबा, अर्धा_कप. फोटो अप्रतिम येतील, पण चिखलाचे.

@सुट्टीचा_हिशेब, दत्तजयंती म्हणजे पौर्णिमा. ती तुमच्या तिसऱ्या दिवशी. म्हणजे पाचवा दिवस द्वितीया. आता आमच्याकडचं जुनं गणित : तिथीचा आकडा घ्यायचा, त्याची पाऊणपट करायची, येईल ती भरतीची वेळ. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे. द्वितीया म्हणजे दीड. भरती दिवसातून दोनदा येते, आपण दुपारचे दीड धरा. पूर्ण ओहोटी त्यानंतर साधारण सहा तासांनी, साडेसातच्या आसपास. सूर्य बुडतो सहाच्या सुमाराला. म्हणजे तुम्ही खाडीत असाल तेव्हा पाणी जोरात समुद्राकडे पळत असेल आणि तळ वर येत असेल. त्यात उधाणाचे दिवस, ओढ आणखी जास्त.

माझे आजोबा म्हणायचे, पाणी उतारला की होडी नाय, लाकूड आसा तां.

अर्धा_कप

खाडीवाली, गणित भारी आहे, पण २१व्या शतकात मोबाइलवर भरतीच्या वेळा मिनिटासकट मिळतात. तिथी कशाला मोजायच्या?

खाडीवाली

मोजू नका की. पण तुम्ही मोबाइल बघून गेला होतात का?

अर्धा_कप

नाही. :)

वल्हवकर

हलके घ्या दोघांनी. मोबाइलवर दिसते ती वेळ बंदराची. खाडीत आत जाल तसतशी भरती उशिरा पोचते, आणि किती उशिरा ते त्या खाडीवर आहे. ते फक्त तिथे रोज वल्हं मारणारा माणूस सांगतो. म्हणून बुकिंगच्या वेळी पैशांचं नंतर विचारा, आधी विचारा : "त्या दिवशी पाणी कधी भरतं, आणि तुम्ही कधी सोडता?" समोरचा "कधीही या, पाणी असतंच" म्हणाला तर फोन ठेवा.

खाडीवालीच्या गणितात एक गंमत दडलीय, ती सांगतो. सकाळी सात-आठला भरती हवी असेल तर ती आपल्या किनाऱ्यावर दशमी-एकादशीच्या आसपासच मिळते. आणि तेच भांगाचे दिवस, म्हणजे भरती-ओहोटीतला फरक सगळ्यात कमी, पाण्याला ओढ कमी. लहान मुलं घेऊन जायला याहून चांगला योग नाही. उलट पौर्णिमा-अमावास्येला भरती साडेअकरा-बाराला, म्हणजे भल्या पहाटे आणि संध्याकाळी दोन्हीकडे खाडी रिकामी. नेमकं त्याच वेळी सगळ्यांना पाण्यात उतरायचं असतं.

सुट्टीचा_हिशेब

अरे देवा. सुट्ट्या मंजूर झाल्या, तिकिटं काढली. पुढे-मागे सरकवता येणार नाही. मग कयाकिंग रद्द?

खाडीवाली

रद्द कशाला? यादी उलटी करा. पहिला दिवस त्रयोदशी. तेराची पाऊणपट पावणेदहा. सव्वाआठला पाण्यात उतरा, चढत्या पाण्याबरोबर आत जा, पावणेदहापर्यंत परत. वाराही नसतो तेव्हा. दुपारी समुद्राकडून वारा सुटला की नवख्याची कयाक गोल गोल फिरते.

आणि शेवटच्या संध्याकाळी जी ओहोटी खाडीत वाईट, तीच किनाऱ्यावर चांगली. वाळू लांबच लांब मोकळी होते. आईंना खुर्ची, मुलाला खेकडे.

वल्हवकर

हेच लिहायला आलो होतो. फक्त एक. देवबागच्या टोकाला, जिथे कर्ली समुद्राला मिळते, तिकडे कयाक नेऊ नका. एका बाजूला समुद्र, एका बाजूला नदी, मधे पट्टी, फोटोत फार छान दिसतं. पण तिथलं पाणी नवख्यांचं नाही. आतल्या अंगाला, झाडांच्या बाजूला राहा.

आळशी_अजगर

दोघांच्या कयाकबद्दल एक इशारा. लग्नाला अकरा वर्षं झाली होती, सगळं सुरळीत होतं. मग आम्ही कयाकमध्ये बसलो. मी मागे, ही पुढे. नियम असा की मागच्याने पुढच्याच्या लयीत वल्हवायचं आणि दिशाही मागच्यानेच सांभाळायची. मी दिशा सांभाळत होतो, ती म्हणत होती "डावीकडे झाड आहे". मी म्हणत होतो "माहितीये". झाडात घुसलो. दोन्ही वल्ही एकमेकांवर आपटली. एक कालव माझ्या पोटरीला लागलं.

पत्रिका वगैरे सगळं बघून झाल्यावर मुलामुलीला अर्धा तास कयाकमध्ये बसवावं. लग्नानंतर नाही, आधी.

मोरपंखी

😂😂 पण कालवांचं गमतीत नेऊ नका. कांदळाच्या मुळांवर, दगडांवर कालवं चिकटलेली असतात, कडा अक्षरशः पात्यासारख्या. मुळाला धरून कयाक थांबवायचा मोह होतोच, तिथेच हात कापतो. आणि चपला नेऊ नका. चिखल पाय सोडतो, चपला सोडत नाही. जुने बूट, मागून पट्टा असलेले.

मुलाच्या लाइफ जॅकेटबद्दल मात्र जरा विस्ताराने लिहिते, कारण आमचं तिथेच वाजलं होतं.

एका ठिकाणी (नाव लिहीत नाही) माझ्या सहा वर्षांच्या मुलीला मोठ्या माणसाचं जॅकेट दिलं. पट्टे आवळले, वर एक दोरी बांधली, "झालं ताई". मी तिला जॅकेटच्या खांद्यांना धरून उचललं. जॅकेट वर आलं, पोरगी खालीच. तिची हनुवटी जॅकेटच्या आत गेली, नुसते डोळे दिसत होते. ती खुदूखुदू हसत होती, मला घाम फुटला. तो मुलगा म्हणाला, पाणी कमरेएवढंच आहे. मी म्हटलं, कोणाच्या कमरेएवढं?

आम्ही परत आलो. नवरा दिवसभर बोलला नाही, कारण पैसे भरले होते. तर पैसे भरायच्या आधी विचारा, मुलांच्या मापाची आहेत का. पायांमधून जाणारा पट्टा असेल तर उत्तम. आणि ही उचलून बघायची परीक्षा तिथे सगळ्यांसमोर करा, लाजू नका.

शेवग्याची_शेंग

मी अकरावी-बारावीला जीवशास्त्र शिकवते, त्यामुळे कयाक बाजूला ठेवून झाडांवर बोलणार. सहन करा.

मुलांना एक गोष्ट नक्की करायला लावा. तिवराचं पान शोधा, त्यावर पांढरी बारीक भुकटी दिसेल. बोट फिरवून जिभेला लावा. खारट! झाड मुळांतून खारं पाणी घेतं आणि नको असलेलं मीठ पानांतून बाहेर टाकतं. कांदळाची तऱ्हा वेगळी, त्याची मुळं बरंचसं मीठ आत शिरूच देत नाहीत. एकाच चिखलात दोन शेजारी, प्रश्न एक, उत्तरं दोन. वर्गात पन्नास मिनिटं बोलून जे पोचत नाही ते जिभेवर पाच सेकंदांत पोचतं. (चाखायचं ते ओळखणाऱ्या माणसाने दाखवल्यावरच. गेवा नावाचं झाडही त्यांच्यातच असतं, त्याचा पांढरा चीक डोळ्यात गेला तर फार त्रास होतो.)

मुळंही बघा. कांदळाची मुळं खोडातून कमानीसारखी बाहेर येऊन चिखलात उतरतात, झाड कुबड्या घेऊन उभं असावं तसं. तिवराची चिखलातून पेन्सिलीसारखी सरळ वर येतात. त्या चिखलात हवा जवळजवळ नसतेच, म्हणून मुळं नाक वर काढतात. आणि कांदळाच्या फांद्यांना लांब हिरव्या शेंगा लटकलेल्या दिसतील. त्या शेंगा नव्हेत, रोपं आहेत! बी झाडावर असतानाच रुजतं, आईच्या अंगावर वाढतं, मग खाली पडतं. चिखल मिळाला तर तिथेच उभं राहतं, नाहीतर भरतीबरोबर प्रवासाला.

पांढरी चिप्पी दिसली तर तिला नमस्कार करा, २०२० पासून ती महाराष्ट्राचा राज्य कांदळवृक्ष आहे. तिची फुलं रात्री उमलतात आणि सकाळपर्यंत पांढरे केसर गळायला लागतात. लवकर गेलात तर पाण्यावर तरंगताना दिसतील.

आळशी_अजगर

बाई, आम्हाला शाळेत तुम्ही का नव्हता?

शेवग्याची_शेंग

असते तर तुमचं हे टोपणनाव मीच ठेवलं असतं.

कातळकोकणी

थोडं विरुद्ध बोलतो. तीन पिढ्यांची सहल आहे तर कयाकचा हट्ट कशाला? आजी काठावर बसून पिशव्या सांभाळणार आणि बाकीचे पाण्यात, ही कसली कौटुंबिक सहल? वेंगुर्ल्याला मांडवी खाडीत स्वामिनी बचत गटाच्या बायका स्वतः वल्हं मारत होडीतून कांदळवन दाखवतात. इंजिन नाही, आवाज नाही. कुठलं झाड कोणतं, ते त्यांना पुस्तकातून नाही, जन्मापासून माहीत. सगळे एका होडीत. कयाकमध्ये नवख्या माणसाचं निम्मं लक्ष वल्ह्यावर आणि निम्मं आपण पडतोय का याच्यावर. झाडं कोण बघणार?

अर्धा_कप

असहमत. होडीत आपण प्रेक्षक, कयाकमध्ये पाणी हाताला लागतं. तेरा वर्षांच्या मुलीला होडीत बसवून झाडांची नावं ऐकवा बघू.

कातळकोकणी

तेरा वर्षांच्या मुलीला कयाकमध्ये बसवून आईबापांच्या सूचना ऐकवा बघू.

मोरपंखी

दोन्ही करा ना, भांडता काय!

खाडीवाली

कातळकोकणींच्या बाजूने, आणि मोरपंखीच्याही. चौथा दिवस वेंगुर्ल्याचाच आहे. प्रतिपदा, भरती पाऊण-एकच्या आसपास. साडेअकरापर्यंत होडीत बसा. मग आईंनाही कांदळवन बघायला मिळेल. पण त्याच दिवशी शिरोडा, रेडी आणि तेरेखोलही करणार असाल तर मी धागा सोडून जातेय.

अर्धा_कप

अवांतर : तेरेखोल किल्ला गोव्यात मोजला जातो, हे किती जणांना माहीत आहे? नदी ओलांडावी लागत नाही, महाराष्ट्रातून सरळ चालत गोव्यात.

कातळकोकणी

अवांतरात भर : शिरोड्याला १९३० साली मिठाचा सत्याग्रह झाला होता. मुलांना नेणार असाल तर तेवढं तरी सांगा, नाहीतर "अजून एक बीच" म्हणून पुढे जातील.

सुट्टीचा_हिशेब

एक प्रश्न राहिला, हसू नका. मगरी असतात का? आई रोज विचारते.

आळशी_अजगर

असतात, पण त्याही नाताळच्या गर्दीला कंटाळून गावाला जातात.

वल्हवकर

आईंचा प्रश्न हसण्यासारखा नाही. चिपळूणच्या वाशिष्ठीत मगरी आहेत, लोक होडीतून बघायला जातात. गोव्यात कुंभारजुव्याच्या पाटात आहेत, आणि तिथल्या काही गावांत चिखलाची मगर करून तिची पूजा करतात. म्हणजे खाऱ्या-मचूळ पाण्यात मगर नसतेच असं नाही. तेव्हा ज्या खाडीत उतरणार तिथल्या माणसालाच विचारायचं आणि तो सांगेल ते ऐकायचं. विचारायला लाज कसली?

त्याऐवजी निवट्या बघायला सांगा त्यांना. चिखलावर उड्या मारणारा मासा. डोळे डोक्यावर, पुढचे पर कोपरासारखे टेकत चालतो. ओल्या कातडीतून श्वास घेतो म्हणून पाण्याबाहेर चालतं त्याला. मुलं मगरीला विसरतील.

खाडीवाली

निवट्यांचं कालवण फार छान होतं.

शेवग्याची_शेंग

खाडीवाली!!

खाडीवाली

काय? खरं ते सांगितलं.

गंभीरपणे एक. कृपा करून आत गेल्यावर गाणी लावू नका. मागच्या सुट्टीत एक जण कयाकवर स्पीकर बांधून आला होता. झाडावर बसलेला खंड्या उडाला तो दिसलाच नाही परत. आणि वेफर्सची पाकिटं मुळांत अडकली की भरतीलाही निघत नाहीत. वर्षभर तिथेच. आम्ही काढतो, हाताने.

सुट्टीचा_हिशेब (तीन आठवड्यांनी)

परत आलो. सगळ्यांना दंडवत. वृत्तांत देणं लागतो.

यादीतून तेरेखोल, रेडी, शिरोडा, निवती आणि रॉक गार्डन उडवलं. बायकोने स्वतःच्या हाताने खोडलं, पेन माझंच. सावंतवाडीला चितारआळीत मात्र ठरलेल्यापेक्षा दोन तास जास्त गेले. आईने लाकडी फळांची परडी घेतली, मुलीने गंजिफाचे पत्ते. ते खेळतात कसे हे अजून घरात कोणालाच कळलेलं नाही.

पहिल्या दिवशी सव्वाआठ. कयाकवाल्याला मी ऐटीत विचारलं, आज भरती पावणेदहाला ना? तो म्हणाला, आत दहा होतात. वल्हवकर, तुमची आठवण आली. मुलांची जॅकेटं मापाची होती. तरी मी मुलाला खांद्यांना धरून उचललं आणि त्याला ते इतकं आवडलं की चार वेळा उचलावं लागलं. पाण्यात उतरायच्या आधीच माझी पाठ गेली.

मुलगा माझ्या पुढे, मुलगी बायकोच्या मागे. दिशा मुलीकडे. पहिली पंधरा मिनिटं त्या दोघी काठाला लागल्या, सुटल्या, परत लागल्या. मग मुलगी म्हणाली, "आई, तू फक्त वल्हव, बोलू नकोस." आणि खरंच सरळ गेल्या. आत एका अरुंद फाट्यात शिरलो तेव्हा वर फांद्या जुळलेल्या, पाणी हिरवं, वल्ह्यावरून गळणाऱ्या थेंबांचा आवाज ऐकू येत होता. मुलगा दीड तासात पहिल्यांदा गप्प बसला. मग कुजबुजत म्हणाला, "बाबा, चिखलाला भोकं पडतायत." खेकडे आत-बाहेर करत होते. एकाचा एकच नांगा मोठा, तो हलवून कोणाला तरी बोलावल्यासारखं करत होता.

तिवराचं पान सगळ्यांनी चाखलं. मुलाने दोनदा.

किल्ला दुसऱ्या दिवशी केला, धामापूर संध्याकाळी. होडीच्या रांगेत तास गेला. दूधबाव, दहीबाव, साखरबाव बघून मुलाने विचारलं, मग ताकबाव कुठाय? उत्तर असल्यास कळवा.

आई. चौथ्या दिवशी मांडवी खाडी. होडीत बसताना बचत गटाच्या दोघींनी तिला हात दिला, गुडघ्याने साथ दिली. वल्हं मारणाऱ्या ताईंना तिने विचारलं, आज प्रतिपदा, म्हणजे पाऊण वाजता पाणी भरेल ना? त्या बाई थांबल्याच. म्हणाल्या, तुम्ही खंयच्या? आई म्हणाली, हरिहरेश्वरची, पण लग्नानंतर चाळीस वर्षं पुण्यात. पुढचा पाऊण तास त्या दोघी बोलत होत्या, आम्ही झाडं बघत होतो. मला आजवर माहीत नव्हतं की आईला हे गणित येतं. मी विचारलं, आधी का नाही सांगितलंस? म्हणाली, तू मगरींचं तरी सांगितलंस का?

मोरपंखी

गाडीत ओकला की नाही, तेवढं सांगा.

सुट्टीचा_हिशेब

मी ओकलो.

शेवटची एक गोष्ट. पाचव्या दिवशी संध्याकाळी किनाऱ्यावर जाताना खाडीच्या कडेने गाडी काढली. साडेपाच झाले होते. पाणी बरंच उतरलेलं आणि एक जोडपं गुडघाभर चिखलात कयाक ओढत होतं. मागचा पुढच्या बाईंना काहीतरी सांगत होता, त्या वळून बघत नव्हत्या. @आळशी_अजगर, पत्रिकेचं पटलं.

आळशी_अजगर

फोटो?

सुट्टीचा_हिशेब

बायकोने काढू दिला नाही. म्हणाली, धागा काढला नसतास तर तिथे आपण असतो.